देवरुखच्या जमिनीत चुना टाकू का? आमच्या वाळव्यात तर चुनखडीला शिव्या देतो

वारणाकाठचा
१४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला, ऊस-सोयाबीनवाला. वय एकावन्न, त्यातली तीस वर्षं शेतात गेली, त्यामुळं मातीतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. गेल्या दोन पावसाळ्यांत तो पार उतरला.

झालं असं, सासरे गेले, मेहुणा मुंबईला नोकरीला, सासूबाई एकट्या. त्यांची जमीन संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून थोडं आत. २२ गुंठे भाताचं खाचर. त्याच्या वर उतारावर एकरभर वरकस, त्यात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ काजूची तीन वर्षांची कलमं. घरामागं उंचवट्यावर ८ गुंठ्यांचा मोकळा पट्टा, तिथं मी गेल्या पावसाळ्यात भुईमूग केला. वेल असा माजला की गावातली माणसं बघायला आली. उपटला तर निम्म्या शेंगा पोचट. दाबली की फुस्स. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण सुपात पाखडताना निम्मं सूप वाऱ्यावर गेलं ते मी बघितलं.

म्हणून या वेळी रीतसर माती तपासली. खाचर आणि पट्टा, दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखेच आले. पट्ट्याचे देतो: सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर विम्ल) ५.१, क्षारता ०.०८, सेंद्रिय कर्ब १.४२ टक्के, नत्र मध्यम, स्फुरद हेक्टरी ६ किलो (अत्यंत कमी), पालाश ११८ किलो, लोह ४८, जस्त ०.७, बोरॉन ०.२५. आमच्या घरच्या रानाचा सामू ८.२ आहे, आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्यावर गेला तर आम्ही पेढे वाटू. इथं १.४२! आणि तरी पीक असं?

आता गोंधळ ऐका. अहवाल दाखवला तर तालुक्याच्या गावातला एक खतदुकानदार म्हणाला जिप्सम टाका, सामू सुधारतो. मी दहा पोती आणून पडवीत रचली पण. रात्री झोपताना डोक्यात आलं, आमच्याकडं जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीला टाकतात, सामू खाली आणायला. मग इथं तेच टाकून वर कसा जाईल? शेजारचे काका म्हणतात चुना टाक. माझं मनच घेत नाही. आमच्याकडं चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडतो, पानं पांढरी फटक, हिराकस (लोहाचं खत) मारून मारून खांदे दुखतात. पैसे देऊन चुना जमिनीत घालायचा? सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, भाताची रोपं पेरायच्या जागेवर पाला-शेण जाळतात ना, तो राब: "राब नीट भाजा, बाकी कायपण नको."

शिवाय अहवालावर मातीचा प्रकार 'लॅटराइट' लिहिलाय. मेहुण्याचा मित्र म्हणतो ती ऑक्सिसॉल. खरं नाव काय?

पाऊस तीन आठवड्यांवर आलाय. जाणकारांनी सांगावं.

---

देशी_गाय_देशी_माती
१४ मे, रात्री १०.१५

दादा, सामू-बिमू सगळं प्रयोगशाळेचं खूळ. जंगलात कोण चुना टाकतं? एकरी २०० लिटर जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवलेलं पाणी) महिन्यातून एकदा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. जिवाणू वाढले की माती स्वतःच स्वतःला दुरुस्त करते. गांडुळं येतील, बघा तुम्ही.

---

कातळावरची
१५ मे, सकाळी ७.०५

मी राजापूर तालुक्यातली, घर कातळावर, परसात भाजी करते. चुन्याबद्दल माझी फजिती सांगते, तुमची तरी वाचेल.

चार वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं, आंबट जमिनीला चुना हवा. मी बाजारातून कळीचा चुना आणला, भिंतींना सफेदी देताना वापरतात तोच. चाळीस किलोचं पोतं, आणि मिरची-वांग्याचं परस म्हणजे जेमतेम एक गुंठा. सगळं पोतं ओतलं. शेणखत पण त्याच दिवशी मिसळलं, म्हटलं एकदाच काय ती मजुरी. असा काही भपकारा सुटला की डोळ्यांतून पाणी, नाकाला पदर लावून काम केलं. नंतर कळलं, तो अमोनिया होता. शेणातलं नत्र माझ्या डोळ्यांदेखत हवेत गेलं.

त्या वर्षी मिरचीची नवी पानं बोटाच्या पेराएवढी, शिरा हिरव्या नि मधलं सगळं पिवळं. घाटावरच्या उसासारखाच केवडा असेल तो. दोन वर्षं ते परस रुसलं होतं. तेव्हा चुना वाईट नाही, पण किती, कुठला आणि कुठे, ते विचारल्याशिवाय पोतं फोडू नका.

---

निवृत्त मातीवाला
१५ मे, दुपारी ३.२०

वारणाकाठचे दादा, आयुष्यभर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली आणि मग अहवालांवर सह्या केल्या. घाटावरही नोकरी केली आणि कोकणातही, त्यामुळे तुमचा गोंधळ ओळखीचा वाटला.

तुमचं वाळवं आणि सासूबाईंचं देवरुख एकाच दगडावर बसलंय, दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर. फरक सगळा पाण्याचा. तुमच्याकडे पाऊस ६००-७०० मिलिमीटर. दगड कुजून सुटलेला कॅल्शियम तिथून हलत नाही, खाली चुनखडीचे खडे होऊन बसतो. देवरुखला तीन हजारांच्या वर पाऊस. हजारो वर्षांच्या धुण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश खाडीला गेले, मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. सामूचं माप दसपटीचं असतं, म्हणजे एका अंकाचा फरक दहापट. ८.२ आणि ५.१ यांत हजारपटीहून जास्त अंतर पडलं. म्हणून एकीकडचं औषध दुसरीकडे विष ठरतं. वाळव्यात चुना मुळातच भरपूर, तो लोह अडवतो. देवरुखला चुन्याचा दुष्काळ आणि लोह उतू जातंय. तुमचं ४८ बघा, साडेचारच्या वर असलं तरी आम्ही पुरेसं म्हणतो.

सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मोकळं होतं आणि मुळांची टोकं जाळतं. ती आखूड, जाड होतात. पुढच्या वेळी रोप उपटलंत तर पाल्याकडे बघू नका, मुळं धुऊन बघा.

तुमचा स्फुरद. अहवालावर पद्धत कुठली लिहिली आहे ते बघून सांगा. ओल्सेनची पद्धत ८.५ सामूच्या बायकार्बोनेटने स्फुरद काढते, ती तुमच्या काळ्या मातीसाठी. आम्ल मातीला ब्रेची. चुकीच्या पद्धतीने काढलेला आकडा घेऊन डोकं फोडण्यात अर्थ नाही. तरीही कमीच येईल, कारण जांभ्या मातीतलं लोखंड आणि ॲल्युमिनियम स्फुरद गच्च धरून ठेवतं. तुम्ही डीएपी फोकून दिलं असणार, मिसळलं असणार. म्हणजे प्रत्येक दाण्याला चारी बाजूंनी लोखंडाच्या स्वाधीन केलंत. इथे बियाण्याच्या बाजूला, तासात, थोड्या जागेत द्यायचं. काजूला रॉक फॉस्फेट चालेल. उदयपूरकडच्या खाणीतली ती भुकटी तुमच्या उसात वर्षानुवर्षं दगडासारखी पडून राहील, पण इथली आम्ल माती ती हळूहळू विरघळवते. फक्त ज्या खड्ड्यात ती टाकाल तिथे चुना टाकू नका, नाहीतर आम्लाला दुसरंच काम लागेल.

सेंद्रिय कर्ब १.४२ बघून पेढे वाटायची घाई नको. हा कर्ब बराचसा लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसलेला असतो, आणि आम्ल मातीत नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, बुरशी वरचढ होते. पालापाचोळा साचतो पण त्यातलं नत्र पिकाच्या हाती लवकर येत नाही. बँकेत मुदत ठेव आणि खिशात दमडी नाही, तसं. शिवाय काही प्रयोगशाळांत नत्र वेगळं मोजतच नाहीत, सेंद्रिय कर्बावरून हिशोब करून छापतात. तुमचं 'मध्यम' तसलं आहे का, विचारा.

देशी गायवाल्यांना: आच्छादनाशी मी सहमत आहे, कुजलेला पाला ॲल्युमिनियमला बांधून ठेवतो आणि त्याचा त्रास खरोखर कमी होतो. पण धुऊन गेलेला कॅल्शियम कुठून तरी आणावा लागतो. २०० लिटर पाण्यात दोन किलो बेसन, त्यात कॅल्शियम असून असून किती असणार? जंगलात चुना टाकत नाहीत हे खरं, जंगलात भुईमूगही पेरत नाहीत.

कातळावरच्या ताईंचा हिशोब करून दाखवतो. कळीचा चुना हा चुनखडीच्या १.७९ पट जोरकस. चाळीस किलो म्हणजे ७१ किलो चुनखडी, एका गुंठ्यात. हेक्टरी सात टन झाले. या मातीत चिकणमातीची धारणशक्ती मुळात कमी, इतका चुना तिला पेलत नाही. जस्त आणि बोरॉन दोन्ही अडकले असणार. भपकाऱ्याचं निदान त्यांनी बरोबर केलं आहे. चुना आणि शेणखत, चुना आणि युरिया, यांची गाठ पडू द्यायची नाही, निदान दोन-तीन आठवडे.

मग तुम्ही करायचं काय? चुना फक्त भुईमुगाच्या पट्ट्याला. दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट, पिठासारखी बारीक, पेरणीच्या तासात, हेक्टरी २ ते ४ क्विंटल. गुंठ्याला २ ते ४ किलो, म्हणजे तुमच्या ८ गुंठ्यांना १६ ते ३२. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं, मिळालं तर तेच घ्या. कोरड्या मातीत चुना काहीच करत नाही, तेव्हा पहिल्या पावसाच्या ओलीवर टाकून मातीत मिसळा.

आणि जिप्सम. दुकानदाराने कारण चुकीचं सांगितलं, जिप्समने सामू वर जात नाही. पण तुमच्या पोचट शेंगांना लागतंय तेच! भुईमुगाची शेंग कॅल्शियम मुळांतून घेत नाही, जमिनीत शिरल्यावर स्वतःच्या सालीतून घेते. वेल माजला आणि शेंगा फुसक्या, ही कॅल्शियमची उपासमार. बोरॉनही कमी आहे, त्याचाही हात असेल. आऱ्या (फुलांतून जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) सुटायला लागल्या की झाडाच्या बुडाशी गुंठ्याला चारेक किलो जिप्सम द्या आणि भर लावा.

काजूला चुना नको, ५ ते ६ सामूत तो सुखाने राहतो. खाचराला तर अजिबात नको. का ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा. खाचरातली मूठ-दोन मूठ माती दोन बरण्यांत घाला. एकीत नुसती ओल ठेवा, दुसरीत दोन बोटं पाणी उभं ठेवा. सामूच्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात. आज एकदा बघा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा.

नावाचं राहिलं. लॅटराइट हे खरं तर दगडाचं नाव. बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने केरळातल्या अंगडीपुरमला लोक विटा कापतात तसा हा दगड कापताना पाहिला, आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिलं. १८०७ साली ते छापून आलं. आपले चिरेखाणवाले पिढ्यान्‌पिढ्या तेच करत होते. मातीच्या अमेरिकी वर्गीकरणात बारा गण आहेत. तुमची वाळव्याची व्हर्टिसॉल. विहीर खणताना ढेकळाच्या अंगाला मेण लावल्यासारखी चकाकी बघितली असाल ना? माती फुगून एकमेकांवर घासते त्याचा तो पुरावा. कोकणात मात्र एका बांधावर चार प्रकार सापडतात. ऑक्सिसॉल म्हणायला माती इतकी धुतलेली हवी की कुजण्यासारखं खनिज जवळपास उरलेलंच नसावं. अल्फिसॉल की अल्टिसॉल हे खोलवर कॅल्शियमसारखे क्षार किती टिकलेत त्यावर ठरतं, सीमा ३५ टक्क्यांची. पंधरा सेंटिमीटरच्या नमुन्यावरून यातलं काहीच सांगता येत नाही, माणूसभर खड्डा लागतो. मेहुण्याच्या मित्राला विचारा, खड्डा खणला होता का?

---

वारणाकाठचा
१५ मे, रात्री ८.५०

काका, अहवालाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय, ओल्सेन. आता काय बोलणार.

बरण्या लावल्या. लोणच्याच्या होत्या, सासूबाईंनी कपाळावर आठ्या घालून दिल्या. दोन्हींत पट्टी ५ च्या रंगावर. एक शंका: राबाचं मग काय? त्या रोज विचारतात.

---

कातळावरची
१६ मे, सकाळी ६.५०

राबाला हसू नका हो. शेण, पातेरा, कवळं (तोडलेल्या हिरव्या फांद्या) यांचे थर रचून भाजतात, ती राख म्हणजे आमचा जुना चुनाच. माझी आजी म्हणायची, राब न भाजलेल्या तरव्याची (भाताच्या रोपवाटिकेची) रोपं लावणीला "रडत" येतात. भाजल्याने तणाचं बी मरतं ते वेगळंच. पण त्यासाठी झाडं खोरून आमचे डोंगर उघडे पडले, हेही तेवढंच खरं. सासूबाईंना म्हणावं, चुलीची राख तरव्यात मिसळू, कवळं तोडायला नको.

---

निवृत्त मातीवाला
१६ मे, सकाळी ११.१०

ताईंनी माझं काम वाचवलं. राखेत पालाश चांगला असतो, आणि तुमचा ११८ कडेवरच आहे. फक्त राख चाळून घ्या, आणि प्लास्टिक जाळलेल्या चुलीची नको.

---

वारणाकाठचा
८ जून, रात्री ९.१५

मंडळी, आज बरण्या उघडल्या.

नुसत्या ओलीची पट्टी जवळजवळ होती तिथंच, ५ च्या आसपास. पाणी उभं होतं तिची ६ आणि ६.५ च्या मध्ये! मी दोनदा नवीन पट्टी घालून बघितली. झाकण काढल्यावर वास असा आला, पावसाळ्यात लावणीच्या वेळी पाय उचलला की येतो ना, तोच. तांबडी माती खाली राखी-निळसर झालेली. पाण्यावर तेलासारखा तवंग होता. मी म्हटलं बरणीत लोणच्याचं तेल राहिलं, सासूबाईंचा हात काही चुकला. त्यांनी काडी लावली तर तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले. "तेल कधी तुटतं काय? दरवर्षी खाचरात असतं ते," म्हणाल्या.

काका, आता कारण सांगा.

---

निवृत्त मातीवाला
८ जून, रात्री १०.३०

सासूबाईंची परीक्षा पास. तो लोखंडाचा तवंग. तेल काडी काढली की पुन्हा मिळून येतं, हा मिळत नाही.

पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते. हवेवाचून जगणारे जिवाणू मग ऑक्सिजनऐवजी गंजलेल्या लोखंडावर श्वास घेतात. तांबडा गंज विरघळणारं लोखंड होतो, माती राखी पडते. या उलाढालीत आम्ल खर्ची पडतं, सामू आपोआप साडेसहाच्या आसपास चढतो. लोखंडाने धरलेला स्फुरदही त्यात थोडा सुटतो. तुमचे जिवाणू फुकटात चुना टाकतात, दरवर्षी. गंमत अशी की तुमच्या काळ्या, ८.२ वाल्या मातीत पाणी उभं केलं तर तिचा सामू सातच्या दिशेने खाली येतो. फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेत पोन्नम्पेरुमा नावाच्या श्रीलंकन शास्त्रज्ञाने हे आयुष्यभर अभ्यासलं.

खाचर सुकलं की माती पुन्हा पाचावर. म्हणून भात बरं येतं आणि त्याच खाचरात नंतर पेरलेला पावटा कुढतो. पावट्याच्या वेळी खाचरालाही तासात थोडा चुना द्या. पेरताना रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) लावलंत तरी पाचाच्या सामूत त्याच्या गाठी नीट धरत नाहीत.

---

देशी_गाय_देशी_माती
९ जून, सकाळी ८.००

म्हणजे शेवटी जिवाणूच!

---

निवृत्त मातीवाला
९ जून, सकाळी ९.४५

खाचरात, हो. भुईमुगात चुनाच.

---

वारणाकाठचा
१२ जून, संध्याकाळी ६.२०

पाऊस लागला. डोलोमाइट मिळालं, २४ किलो तासात दिलं, काल भुईमूग पेरला. तरव्यात चाळलेली राख गेली, ती सासूबाईंनी स्वतःच्या हातानं फोकली, मला हात लावू दिला नाही. पट्ट्याची माती ब्रेच्या पद्धतीनं पुन्हा तपासायला दिलीय.

जिप्सम ८ गुंठ्यांना ३२ किलो, म्हणजे एक पोतंही पुरतं न संपता काम होईल. दुकानदार नऊ पोती परत घेत नाही म्हणतो. थोरल्या भावाचं नदीकाठचं दीड एकर रान पाण्यानं चोपण झालंय, वर पांढरी खपली येते आणि पाणी मुरत नाही. आंबा घाटातून टेम्पोनं तिकडं नेऊ का?

---

निवृत्त मातीवाला
१२ जून, रात्री ९.००

न्या, पण पडवीतून थेट रानात नको. आधी त्या मातीचा सामू आणि सोडियम तपासा. पांढरी खपली नुसत्या क्षाराची असेल तर जिप्समचं काम नाही, गोड्या पाण्याने धुतली तरी पुरे. सोडियम निघालं तर जिप्सम हवं, पण त्याआधी चर काढा. निचरा नसेल तर सुटलेलं सोडियम जाणार कुठे? आणि दीड एकराला नऊ पोती कमी पडतील, भावाला आत्ताच सांगून ठेवा.

---

वारणाकाठचा
१२ जून, रात्री ९.२५

भावाला फोन केला. तो म्हणतो, कोकणातून लोक आंबे आणतात.